सात नंबरचा प्रश्न

सदानंदरावांनी मृदुलाला तिसऱ्यांदा दाराबाहेर पाठवले.

“आता काय चुकलं, काका?” तिने बाहेरून विचारले.

“बस म्हणायच्या आत खुर्ची ओढलीस. परत ये.”

उघड्या दारावर टकटक झाली. मृदुला आत आली, नमस्कार केला आणि खुर्चीला हात न लावता उभी राहिली. सदानंदराव चष्म्यावरून तिच्याकडे पाहत राहिले. मे महिना संपत आला होता. संध्याकाळचे सहा वाजले तरी भिंती तापलेल्याच होत्या आणि पंखा गरम हवा इकडून तिकडे ढकलत होता.

“तुम्ही बस म्हटलंच नाही तर मी काय उभीच राहू?”

“राहायचं. एकाला मी पंधरा मिनिटं उभा ठेवला होता. पास झाला तो.”

“मी फिटर नाही ने, काका. नर्स आहे.”

समोरच्या ओट्यावर गवार निवडत बसलेल्या गुजराती शेजारीण मंदाबेन हे सगळे पाहत होत्या. “बिचारीने बेसवा दो, सदानंदभाई,” त्या तिथूनच म्हणाल्या.

सदानंदरावांनी बसायची खूण केली.

प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये त्यांची चौतीस वर्षे गेली होती, त्यातली शेवटची बारा इन्स्पेक्टर म्हणून. नवा फिटर घ्यायचा असो की जुन्याला बढती द्यायची असो, त्याची परीक्षा त्यांच्या टेबलासमोर होई. त्यांनी नापास केलेली माणसे अजूनही प्रतापनगरच्या पुलावर दिसली की मान दुसरीकडे वळवत. निवृत्तीनंतर रेल्वेच्या वसाहतीच्या मागेच त्यांनी दोन खोल्यांचे घर घेतले. तिथे त्यांच्या पत्नी उषाताई शेवटचे चार महिने बाहेरच्या खोलीत, खिडकीशी पलंग लावून होत्या. पोटाचा कॅन्सर. हॉस्पिटलने घरी न्या म्हणून सांगितले, तेव्हा त्या होत्या त्याच वॉर्डातली मृदुला इंजेक्शनसाठी येऊ लागली. सयाजीगंजातली ड्यूटी संपवून ती ॲक्टिवावर यायची. सुट्टीच्या दिवशी दुपारपासून थांबायची. उषाताईंनीच तिला पुन्हा अर्ज भरायला लावला होता. सार्वजनिक आरोग्याचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता. त्यासाठी आदल्या वर्षीही तिला मुलाखतीला बोलावले होते. पण ‘तुम्हाला हे का शिकायचं आहे’ या साध्या प्रश्नाला ती गप्प बसली आणि परत आली.

“आयुष्यभर लोकांना नापास करत आलात,” उषाताई उशीवरून नवऱ्याला म्हणाल्या होत्या. “या मुलीला तेवढी पास करा.”

नंतर नोव्हेंबरात त्या गेल्या. एप्रिलमध्ये मृदुलाला मुलाखतीचे पत्र आले. ते दाखवायला ती आली, तेव्हा सदानंदरावांनी जुन्या कॅलेंडरचे पान उलटे केले आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर दहा प्रश्न लिहून काढले. हॉस्पिटलने शिकायला रजा द्यायचे कबूल केले होते, पण याच वर्षी. पुढच्या वर्षी वॉर्ड वाढणार होता आणि मग कुणालाच रजा मिळणार नव्हती. मृदुला तेहतीस वर्षांची होती. मुलाखत येत्या शनिवारी होती आणि आज मंगळवार होता.

“एक नंबर,” सदानंदराव म्हणाले. “का शिकायचंय?”

मृदुलाने इंग्रजीत उत्तर दिले. समाजाची सेवा, आरोग्याची गरज, देशाची प्रगती. एकही शब्द अडखळला नाही.

“बराबर. आणि तुझ्या आधीचा आणि नंतरचा काय सांगेल?”

“हेच.”

“मग तुलाच का घ्यायचं?”

तिने पदराने कपाळ पुसले. “पुढचा विचारा ने.”

पुढचे पाच नीट गेले. गरोदर बाईची तपासणी, लसीकरण, हिवताप, या गोष्टी तिच्या हातातल्या होत्या. सदानंदरावांना त्यातले काही कळत नव्हते. पण माणूस माहीत असलेले बोलतो की पाठ केलेले, हे त्यांना कळत होते. मग ते सातव्यावर आले.

“तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा.”

“मी कामात फार गुंतून जाते. स्वतःकडे लक्षच देत नाही. ही माझी मोठी चूक आहे.”

“ही चूक नाही. ही फुशारकी.”

“मोबाइलवर एका सरांनी असंच सांगितलंय.”

“तो सर कुठल्या वर्कशॉपात होता?”

मृदुला हसली. सदानंदराव हसले नाहीत. त्यांनी उठून कपाटातून एक पितळी रंगाचे कडे आणून तिच्यासमोर ठेवले. हाताच्या मुठीएवढे, जाड, आतून गुळगुळीत.

“ओतलेला जॉब आहे, गाडीचा भाग. ओतताना कधी कधी आत छिद्र राहून जातं. लेथवर चढवून कातला की वर येतं. माणूस घाबरतो. त्यात मेण भरतो, वरून काजळी फासतो आणि माझ्या टेबलावर आणून ठेवतो. डोळ्यांना दिसत नाही. गाडीला बसवला की तापतो, मेण वितळतं, मग काय व्हायचं ते वाटेत होतं.”

“तुम्हाला कसं कळायचं?”

“नख मारायचं.” त्यांनी अंगठ्याचे नख कड्यावरून ओढून दाखवले. “आमच्याकडे एक रीत होती. ज्याला स्वतःच्या जॉबमध्ये छिद्र दिसलं, त्यानं आपल्या हातानं खडूचा गोल काढायचा त्याच्याभोवती आणि मग टेबलावर ठेवायचा. गोलवाल्याला मी कधी नापास केलं नाही. मेणवाल्याला जागेवर.”

मृदुलाने कडे हातात घेऊन फिरवून पाहिले.

“तुझ्या या उत्तरात मेण आहे,” ते म्हणाले. “समोर जे बसतील त्यांनाही नखं असतात. खरी चूक सांग. बारा वर्षं नोकरी झाली, एक तरी असेल.”

खिडकीशी, जिथे पलंग होता, तिथे आता शिवणाचे मशीन ठेवलेले होते. तिची नजर तिथे गेली आणि लगेच हातातल्या कड्याकडे परत आली.

“खरीच सांगावी लागेल, काका?”

“तुला कोण फाशी देणार आहे?”

तिने कडे टेबलावर ठेवले, प्रश्नांचे पान घडी करून पर्समध्ये घातले आणि घड्याळ पाहिले. “रात्रपाळी आहे. आवजो, काका,” असे म्हणून ती निघून गेली. समोर ठेवलेला चहा तसाच राहिला.

बुधवारी ती आली नाही. सदानंदरावांनी दोन खुर्च्या समोरासमोर मांडून ठेवल्या होत्या. सात वाजता त्यांनी एक परत आत नेली. गुरुवारीही ती आली नाही. फोन करावा की नाही हे त्यांना ठरवता येईना. आपण जास्त ताणले असे त्यांना वाटत होते. वर्कशॉपातही लोक असेच म्हणत, पण तिथे त्यांना त्याचे काही वाटत नसे.

गुरुवारी दुपारी वर्कशॉपातल्या विश्वासरावांचा फोन आला. दोघे एकाच दिवशी निवृत्त झाले होते.

“सयाजीगंजात आलोय. बँकेसमोर. ये चहाला.”

“नको. ऊन आहे.”

“हिवाळ्यातही नकोच म्हणत होतास. सहा महिने झाले, सदानंद.”

“घरी ये की. घरी करतो चहा.”

“तुझ्या हातचा चहा म्हणजे औषध,” विश्वासराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. सदानंदराव नोव्हेंबरपासून बाहेर कुठेच चहा घेत नसत. कुणी कारण विचारले तर पोटाला सोसत नाही, असे सांगत.

शुक्रवारी संध्याकाळी दारावर टकटक झाली. दार उघडेच होते. मृदुला नमस्कार करून उभी राहिली.

“बस,” ते लगेच म्हणाले.

ती बसली. तिने पर्समधून प्रश्नांचे पान काढून, घडी उलगडून टेबलावर ठेवले. सात नंबरभोवती लाल गोल होता. वॉर्डात तापाच्या तक्त्यावर रेघा ओढायचे पेन तिच्याजवळ असे, त्याने काढलेला.

“खडू नव्हता,” ती म्हणाली.

सदानंदरावांनी चष्मा नीट केला. “सांग.”

“इंग्रजीत नाही येणार. आधी मराठीत सांगते.” तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. “नोव्हेंबरातलं आहे, काका. काकूंच्या त्या दिवसाचं.”

सदानंदरावांनी पान टेबलाच्या कडेला सरकवले.

“तुम्ही दुपारी मला विचारलंत, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचाय, बँकेत जाऊन येऊ का. मी म्हटलं, जा काका, आज काही नाही.”

“म्हणाली होतीस.”

“त्याच्या आधी मी काकूंची चादर नीट करत होते. गुडघ्याखाली कातडी निळसर झाली होती, ठिपक्याठिपक्यांची. श्वास मध्येच थांबायचा आणि परत सुरू व्हायचा. ते काय असतं मला माहीत आहे. कितीदा पाहिलंय. पण वॉर्डात घरच्यांना सांगायचं काम डॉक्टरांचं. आम्ही नुसता पडदा ओढतो. इथं डॉक्टर नव्हते आणि पडदाही नव्हता. तुम्ही चप्पल घालून उभे होतात.” तिने दाराकडे पाहिले. “मी मनाशी म्हटलं, रात्रीपर्यंत वेळ आहे. खरं म्हणजे वाटत नव्हतं. तुम्हाला सांगायचं कसं हेच मला येत नव्हतं, म्हणून जा म्हटलं. काकू पावणेचारला गेल्या. बँकेत रांग होती, तुम्ही साडेचारला आलात. मी थांबवलं असतं तर तुम्ही इथं असतात.”

सदानंदराव उठून स्वयंपाकघरात गेले. माठावरचे झाकण काढून त्यांनी आत पाहिले, पुन्हा झाकण ठेवले आणि पाणी न घेताच परत आले. खुर्चीत बसल्यावर त्यांनी ते कडे हातात घेतले आणि दुसऱ्या हातात दिले.

“सहा महिने सांगायचं होतं,” मृदुला म्हणाली. “दोन दिवस त्याचसाठी आले नाही. आणि उद्या हे तिथं सांगितलं तर काकूंच्या नावावर प्रवेश मागितल्यासारखं होईल. नाही सांगत. दुसरी एखादी चूक शोधते. एकदा सलाइनची बाटली…”

“शिकून काय करणार आहेस?”

“काय?”

“दोन वर्षं शिकून करणार काय?”

तिने जरा विचार केला. “हल्ली किती पेशंटना घरी न्या म्हणतात, काका. घरच्यांना पुढं काय दिसेल ते कुणीच सांगत नाही. काय दिसलं की घराबाहेर जायचं नाही, हे सुद्धा नाही. गावातल्या नर्सना ते सांगायला शिकवलं पाहिजे. कसं बोलायचं ते. मला कुणी शिकवलं नव्हतं. बस, एवढंच.”

“हे एक नंबरचं उत्तर आहे,” सदानंदराव म्हणाले. “आणि तू महिनाभर मला देशाची प्रगती ऐकवतेस.”

मृदुलाने वर पाहिले. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता, फक्त कडे धरलेला हात टेबलाखाली गेला होता.

“बाहेर जा,” ते म्हणाले.

ती उठली. पर्स उचलली. तिच्या डोळ्यांत पाणी आले होते ते तिने पुसले नाही.

“पर्स राहू दे. दार वाजवून आत ये. परत पहिल्यापासून सांग, इंग्रजीत. आणि काका म्हणायचं नाही. पेशंटचा नवरा म्हणायचं. तिथं मी तुझा कुणी नाही.”

मृदुला पायरीवर जाऊन उभी राहिली. आत यायला तिला वेळ लागला.

“पाछी बहार काढी?” समोरून मंदाबेननी विचारले.

“हा, बेन,” मृदुला म्हणाली. “शनिवारपर्यंत हेच चालणार.”

“काले तो शनिवार छे.” शनिवार खरेच उद्यावर आला होता.

मग दारावर टकटक झाली. या वेळी ती हळू बोलली. दोन ठिकाणी अडली, एका ठिकाणी शब्द सुचेना म्हणून साधा शब्द वापरला. पेशंटच्या नवऱ्याला बँकेत रांग लागली होती, असे ती म्हणाली तिथे सदानंदरावांनी टेबलावर नख ओढले. तिला वाटले काहीतरी चुकले, म्हणून ती थांबली.

“पुढं,” ते म्हणाले.

शनिवारी मुलाखत अलकापुरीत होती. सदानंदरावांनी स्कूटर काढली. ॲक्टिवाने गेली तर साडीला ऑइल लागेल, असे त्यांनी कारण दिले. इमारतीच्या पायऱ्यांशी मृदुला उतरली, केस सारखे केले.

“खुर्ची,” ते म्हणाले.

“ओढणार नाही.”

ती आत गेली. समोर कडुनिंबाखाली चहाची गाडी होती आणि शेजारी एक बाकडे. सदानंदराव त्यावर जाऊन बसले. चहावाल्याने विचारले, “चा आपुं, काका?” त्यांनी नको म्हणून मान हलवली. अर्ध्या तासाने त्याने पुन्हा विचारले, त्यांनी पुन्हा मान हलवली. तासाभराने त्याने विचारणे सोडून दिले. आतून मुले-मुली एकेक करून बाहेर येत होती, बहुतेक विशी-बाविशीची. कुणी दहा मिनिटांत, कुणी पंधरा. मृदुलाला कधी बोलावले असेल याचा हिशेब त्यांना लागेना.

ती आली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. रस्ता ओलांडून ती सरळ बाकड्याशी आली आणि त्यांच्या शेजारी बसली.

“बसा म्हणेपर्यंत उभी होते,” ती म्हणाली. “लगेच म्हणाले.”

“सात नंबर विचारला?”

“नाही विचारला.”

सदानंदरावांनी रस्त्याकडे पाहिले. बरे झाले की वाईट, ते त्यांना ठरवता आले नाही.

“एक नंबर विचारला,” मृदुला म्हणाली. “का शिकायचंय. मी सातचं उत्तर दिलं.”

“सगळं?”

“सगळं. तिघं होते. मधल्या बाईंनी विचारलं, त्या नवऱ्याला हे माहीत आहे का. मी म्हटलं, हो, कालच सांगितलं. तर त्या म्हणाल्या, मग तो काय म्हणाला?”

“तू काय सांगितलंस?”

“खरं तेच. म्हणाला, परत पहिल्यापासून सांग.”

“हसल्या?”

“नाही. पेन खाली ठेवलं त्यांनी. मग त्याच्यावरच किती वेळ विचारत होत्या. गावातल्या नर्सला हे शिकवायला किती दिवस लागतील, घरच्यांना लिहून द्यायचं तर काय लिहाल. काका, मला तिथून उठावंसंच वाटत नव्हतं.” तिने चप्पल काढून पाय मोकळे केले. “आठ दिवसांत कळवतील.”

“हं,” सदानंदराव म्हणाले. त्यांनी चहावाल्याकडे पाहून दोन बोटे वर केली. “बे चा. आदूवाळी.”

मृदुला त्यांच्याकडे पाहू लागली. “तुम्हाला बाहेरचा सोसत नाही ने?”

“सोसतो.”

चहा आला. छोटे काचेचे ग्लास होते, काठापर्यंत भरलेले. सदानंदरावांनी आपला ग्लास बाकड्यावर ठेवला. आल्याचा वास येत होता. त्यांनी अंगठ्याचे नख ग्लासाच्या काठावरून एकदा फिरवले.

“रांग नव्हती,” ते म्हणाले.

“कुठं?”

“बँकेत. त्या दिवशी. दहा मिनिटांत काम झालं होतं. दाखला द्यायला महिना होता हातात, तशी घाईही नव्हती. मला घरातून बाहेर पडायचं होतं. बाहेर विश्वासराव भेटले, आम्ही चहा घेतला. तो निघतो म्हणाला तर मीच आणखी एक मागवला.”

समोरून दोन रिक्षा गेल्या. चहावाल्याने पातेल्यात साखर टाकली. मृदुला ग्लास हातात धरून बसली होती. तो गरम होता, तरी तिने तो हात बदलून धरला नाही.

मग तिने ग्लास बाकड्यावर त्यांच्या ग्लासाशेजारी ठेवला, त्यांच्याकडे वळली आणि त्यांनीच शिकवल्याप्रमाणे पाठ ताठ करून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली.

“परत पहिल्यापासून सांगा, काका,” ती म्हणाली.

सदानंदरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर ठेवला. मग चहाचा एक घोट घेऊन, त्या दुपारी दाराशी उभे राहून त्यांनी चप्पल पायात घातली होती, तिथून त्यांनी सुरुवात केली.